हंगामाच्या सुरुवातीलाच आंतरराष्ट्रीय रेस वॉक : वेळेमागे लागू की कार्डं टाळू?

सरळ_गुडघा | ४ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. अकरा दिवसांनी माझी पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत आहे. २० किलोमीटर रेस वॉक, म्हणजे न धावता भरभर चालण्याची शर्यत, एक किलोमीटरचा जाऊन-येऊन लूप, म्हणजे वीस लॅप. हंगामातली माझी ही पहिलीच शर्यत, आणि तीच एकदम परदेशात.

हिवाळाभर अंतरावर भर दिला. लांब चाल भरपूर झाली, वेगाची सत्रं मात्र मोजून सहा. माझी सर्वोत्तम वेळ १:३८:४०. प्रशिक्षकांचं म्हणणं आहे की या वेळी १:३६चा प्रयत्न करायचाच. हवा गार, रस्ता सपाट, पुढे ओढून नेणाऱ्या वेगवान मुली. असा योग पुन्हा वर्षभर येत नाही, असं ते म्हणतात.

माझी अडचण वेगळी आहे. गेल्या हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत मला दोन लाल कार्डं मिळाली, दोन्ही लिफ्टिंगची, म्हणजे दोन्ही पाय एकदम जमिनीपासून सुटल्याची, दोन्ही शेवटच्या चार किलोमीटरमध्ये. तिसरं कसं वाचलं ते मला आजही कळलेलं नाही. आता सगळे पंच नवीन असणार. इतका खर्च, इतकी रजा, घरच्यांची इतकी धावपळ, आणि मी तिथे जाऊन बाद झाले तर? रात्री झोपताना डोळ्यांसमोर तेच येतं.

तर प्रश्न सरळ आहे. पहिल्या शर्यतीत वेळ काढायला जावं, की चाल स्वच्छ ठेवून शर्यत पूर्ण करावी? ज्यांनी अशी शर्यत केली आहे, जवळून पाहिली आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

पहाटवारा

वाचतोय. आधी मनापासून शुभेच्छा! पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत एकदाच येते.

नडगीदुखी

ताई, मी तुमच्या प्रशिक्षकांच्या बाजूचा.

आपल्या खेळात मार्च म्हणजे रंगीत तालीम नसते. जरा मागे बघा. २०१५ साली ८ मार्चला योहान दिनीझने आर्ल इथे १:१७:०२चा विश्वविक्रम केला. तो जेमतेम आठवडा टिकला. १५ मार्चला जपानमध्ये नोमीला युसुके सुझुकीने १:१६:३६ काढली. पुढे जवळजवळ दहा वर्षं तिला कोणी हात लावू शकलं नाही, आणि मोडली तीही हंगामाच्या तोंडावरच: फेब्रुवारी २०२५, कोबे, तोशिकाझु यामानिशी, १:१६:१०. त्याच वर्षी मार्चमध्ये स्लोव्हाकियात दुदिन्त्सेला इव्हान डन्फीने ३५ किलोमीटरचा विश्वविक्रम केला.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर राम बाबू. पॅरिस ऑलिंपिकची पात्रता वेळ १:२०:१० होती. मार्च २०२४मध्ये दुदिन्त्सेलाच त्याने १:२०:०० काढली. दहा सेकंदांनी! मे-जूनच्या उन्हात ही वेळ निघाली असती का? मला नाही वाटत.

वीस किलोमीटर सतत चालायचं तर अंगातली उष्णता बाहेर टाकणं हीच अर्धी लढाई असते. गारव्यात ती लढाई शरीराला तेवढी लढावी लागत नाही. म्हणून सांगतो, संधी सोडू नका.

गणिती

आकडेमोड करून बघितली.

१:३८:४० म्हणजे किलोमीटरला ४:५६. १:३६ म्हणजे ४:४८. लॅपमागे आठ सेकंद, ही उडी लहान नाही.

आता समजा तुम्ही ४:४८नेच चाललात आणि तिसरं लाल कार्ड आलं. पेनल्टी झोन असेल तर २० किलोमीटरला दोन मिनिटं थांबावं लागतं. म्हणजे १:३८:००. थांबूनसुद्धा सर्वोत्तम वेळेपेक्षा चाळीस सेकंदांनी लवकर! पण चौथं कार्ड आलं की खेळ संपला. शिवाय पेनल्टी झोन प्रत्येक शर्यतीत असतोच असं नाही, तो त्या शर्यतीच्या नियमावलीत असावा लागतो. नसेल तर तिसरं लाल म्हणजे थेट बाद. आजच नियमावली उघडून ते वाक्य शोधा. सगळं गणित त्या एका ओळीवर आहे.

कोपऱ्यावरून

बरीच वर्षं चालण्याच्या शर्यतींना पंच म्हणून उभा राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गणिती, तुमचं गणित कागदावर बरोबर आहे. पण गार हवेत घामाने भिजलेल्या अंगाने दोन मिनिटं थांबलेला खेळाडू परत बाहेर येतो तेव्हा त्याचे पाय पाहिलेत का? पोटऱ्या आखडलेल्या असतात. मग गेलेला वेळ भरून काढायला तो ढकलत सुटतो आणि चौथं कार्ड तिथेच येतं. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की झोनमधून सुटलेल्या खेळाडूकडे माझी नजर आपोआप जाते.

नियम दोनच. पहिला, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटलेले नुसत्या डोळ्यांना दिसता कामा नयेत. दुसरा, पुढचा पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीर त्याच्यावर उभं सरळ येईपर्यंत गुडघा ताठ हवा. शंका आली की पंच पिवळं पॅडल दाखवतो. नागमोडी रेषा असेल तर संपर्क तुटतोय, कोनासारखी खूण असेल तर गुडघा वाकतोय. ही ताकीद. एक पंच एका चुकीसाठी एका खेळाडूला ते एकदाच दाखवतो. खात्री पटली की लाल कार्ड. तेही एका पंचाचं एका खेळाडूला एकच. म्हणून तीन लाल म्हणजे तीन वेगवेगळ्या पंचांचं, एकमेकांशी न बोलता झालेलं मत.

आणि ताई, हे नीट लक्षात ठेवा: लाल कार्ड खेळाडूला दाखवत नाहीत. ते फलकावर तुमच्या क्रमांकापुढे लागतं. पिवळं न दिसता थेट लालही येऊ शकतं. त्यामुळे दर लॅपला फलकाकडे एक नजर टाकायची सवय लावा.

पंच नवीन आहेत याची भीती बाळगू नका. त्यांना तुमचं नाव, तुमचे जुने निकाल काहीच ठाऊक नाही. तुम्ही कोऱ्या पाटीने उभ्या राहणार आहात.

आळशी_मांजर

मी या खेळातली नाही, पण धागा सोडवत नाहीये. एक शंका. वर्तमानपत्रात फोटो येतात त्यात सगळ्यांचेच दोन्ही पाय हवेत दिसतात की! मग सगळेच बाद का होत नाहीत?

गणिती

@आळशी_मांजर, चांगला प्रश्न. 'नुसत्या डोळ्यांना' हे शब्द नियमात मुद्दाम आहेत. अव्वल खेळाडू मिनिटाला दोनशेच्या वर पावलं टाकतात. त्या वेगात पाय सुमारे ४० मिलिसेकंदांपर्यंत जमिनीपासून सुटलेला असला तर सहसा माणसाच्या नजरेला ते टिपता येत नाही. कॅमेऱ्याला येतं. पण निकाल कॅमेऱ्यावर नाही, पंचाच्या डोळ्यांवर लागतो.

आळशी_मांजर

म्हणजे नियम मोडला जातोय हे सगळ्यांना माहीत असूनही चालतं? हे मला पटत नाही. बुटात चिप का घालत नाहीत?

कोपऱ्यावरून

चिप बसवलेल्या इनसोलची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. माझं मत विचाराल तर डोळ्यांचा नियम प्रामाणिक आहे. सगळ्यांना एकच मोजमाप लागतं, आणि तळपायाने जमिनीला धरून राहण्याची कला त्याच्यामुळे टिकते. चिप आली तर अव्वल खेळाडूंच्या वेळा मिनिटांनी मागे जातील. तशी वेळ आली तर मी तेही मान्य करीन. मात्र तोवर 'सगळेच फसवतात' असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. ही मुलं एका पावलासाठी वर्षानुवर्षं घासतात.

नडगीदुखी

+१. आणि कमरेवरून हसणाऱ्यांबद्दलही कोणीतरी लिहा एकदा. कंबर अशी फिरते म्हणून तर पाऊल लांब पडतं आणि दोन्ही पावलं एका रेषेत येतात. शाळकरी पोरं मागे चालून नक्कल करायची, तेव्हा त्यांनाच बोलावून शंभर मीटर चालायला लावायचो. पन्नास मीटरवर नडगी धरून बसायची. त्यातली दोघं पुढे दोन हंगाम माझ्याबरोबर चालली!

खारूताई

अवांतर पुरे, आता मुद्द्याचं. मी मार्चमधल्या अशा दोन शर्यती केल्या आहेत, एक नीट गेली, एक नाही. दोन्हींमधला फरक होता वॉर्म-अपचा.

ज्या वर्षी बिनसलं त्या वर्षी मी नेहमीसारखी वीस मिनिटं चालले, ताणाचे व्यायाम केले आणि कॉल रूममध्ये जाऊन बसले. तिथे बूट तपासतात, रस्त्यावरच्या शर्यतीत तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. क्रमांक पुढे-मागे दोन्हीकडे नीट लागलेत का ते बघतात. माझी एक पिन निघाली होती. बोटं गारठून इतकी बधिर झाली होती की ती लावता येईना, शेवटी शेजारच्या मुलीने लावून दिली. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने पिन दातात धरली, कापड सरळ केलं आणि पाठीवर दोनदा थोपटलं. तो स्पर्श अजून आठवतो. पण या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली आणि पाय लाकडासारखे झाले. मांडीमागचा स्नायू आखडला की टाच टेकताना गुडघा पुरता सरळ होत नाही. दुसऱ्याच किलोमीटरला कोनाची खूण. माझ्या आयुष्यात कधी गुडघ्याची ताकीद आली नव्हती!

पुढच्या वेळी काय केलं तर हातमोजे आणि जुनं जॅकेट अगदी सुरुवातीच्या रेषेपर्यंत अंगावर. कॉल रूममध्ये बसायचंच नाही, जागच्या जागी कंबर फिरवत राहायची. सोडायच्या आधी जागा मिळेल तेवढ्यात पन्नास-साठ मीटरच्या चार वेगवान चाली. हातमोजे चौथ्या लॅपला काढले.

थंडी वाजली तरी पायात लांब काळी टाइट्स घालू नकोस. पंचाला गुडघा स्पष्ट दिसायला हवा. त्यात लपवण्यासारखं काही नसलं तरी शंकेला जागा कशाला द्यायची?

टेबलामागे

मी खेळाडू नाही. बायको चालते, मी पेयांच्या टेबलामागे उभा असतो. त्या बाजूने चार शब्द.

बाटलीवर मोठी, भडक रंगाची पट्टी चिकटवा. वीस देशांच्या बाटल्या एकसारख्याच दिसतात. देणाऱ्याने बाटली वरच्या टोकाला दोन बोटांत धरायची, म्हणजे घेणारीला खालचा भाग मोकळा मिळतो. टेबलामागून पुढे यायचं नाही, बरोबर पळायचं नाही, आणि ठरलेल्या जागेशिवाय कुठेही काही द्यायचं नाही. माझ्यासमोर एका बापाने पोरीला दुसऱ्याच कोपऱ्यावर पाणी द्यायला हात पुढे केला होता. पोरीने ते घेतलं नाही म्हणून वाचली.

आणि गारव्यात तहान लागत नाही, म्हणून पाणी टाळू नका. बायको चौदाव्या किलोमीटरला घोट घ्यायला विसरली की अठराव्याला मला चेहऱ्यावर दिसतं.

शेवटचा_लॅप

वेळ की चाल, या प्रश्नावर मला दोन गोष्टी आठवतात.

सिडनी २०००, महिलांची २० किलोमीटर. चीनची लिऊ होंगयू पुढे होती, बाद. मग इटलीची पेरोने पुढे आली, तीही बाद. मग ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल, स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांसमोर, सुवर्णपदक समोर दिसत असताना स्टेडियमच्या बोगद्यापाशी तिला लाल पॅडल, म्हणजे बाद झाल्याची खूण, दाखवलं. तिचा तो चेहरा ज्याने पाहिला तो विसरणार नाही. वांग लिपिंग जिंकली.

दुसरी गोष्ट पोलंडच्या कोझेनिओव्स्कीची. बार्सिलोना १९९२, ५० किलोमीटर, दुसऱ्या क्रमांकावर असताना स्टेडियमच्या तोंडाशी बाद. याच माणसाने पुढे १९९६, २००० आणि २००४ मिळून चार सुवर्णपदकं घेतली. २०००मध्ये तर २० आणि ५० दोन्ही. त्यातल्या २० किलोमीटरला आधी रेषा ओलांडली होती मेक्सिकोच्या सेगुराने, आणि तो नंतर बाद ठरला.

म्हणून ताई, बाद झालात तर काय, याचं उत्तर कोझेनिओव्स्की आहे. घाबरून जाऊ नका.

सरळ_गुडघा | ६ मार्च

किती लिहिलंत सगळ्यांनी! खारूताई, पिनेची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. गणिती, नियमावली उघडली: पेनल्टी झोन आहे, दोन मिनिटं.

नडगीदुखी दादा, एक विचारते. मोठ्या गटात चाललं तर पंचांची नजर कमी पडते असं ऐकलंय. खरं का?

नडगीदुखी

माझा अनुभव तरी तसाच आहे. दहा जणींच्या घोळक्यात मधली कोण काय करते ते दिसत नाही. वारा असेल तर आडोसाही मिळतो.

कोपऱ्यावरून

इथे मी ठामपणे असहमत. आम्ही गटाकडे एकसंध बघतच नाही. सगळ्यांची डोकी एका लयीत खालीवर होत असतात, त्यात एखादं डोकं वेगळं उसळलं की नजर आधी तिथेच जाते. तिथून खांदे, कंबर, मग पाय. उलट गटात दुसऱ्याच्या लयीने चालावं लागतं. स्वतःचं पाऊल एक मीटरचं आणि शेजारणीचं त्याहून लांब असेल तर तिच्या पावलाला पाऊल जुळवताना तुम्ही उडी मारायला लागता. लपायला म्हणून गटात जाऊ नका. वाऱ्यासाठी जरूर जा, पण आपल्या लयीची मंडळी बघून.

नडगीदुखी

वाऱ्याचं मान्य केलंत तेवढं बरं झालं. लयीचा मुद्दा बिनतोड आहे, हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. माझी काही जुनी कार्डं आता कळताहेत.

दुसरी_इनिंग

मी ज्येष्ठ गटात चालते, ५८ वय. प्रवासाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. घड्याळ जितके तास बदलतं, साधारण तितके दिवस अंगाला रुळायला लागतात. तेवढे दिवस हाताशी नसतील तर इथूनच रोज झोपेची वेळ थोडी थोडी सरकव. उतरल्याच्या दिवशी हलकं अर्धा तास चाल, बस. गावात फिरायला जायचा मोह होईल, तो शर्यतीनंतरसाठी ठेव. आणि लूप आदल्या दिवशी शर्यतीच्याच वेळेला चालून बघ, सूर्य कुठून येतो, वारा कुठून येतो, रस्ता कुठे कललेला आहे. उतारावर पाय सुटतो, चढावर गुडघा वाकतो. सपाट म्हणतात तो रस्ताही पूर्ण सपाट नसतो.

पाळीची तारीख जवळ असेल तर पुरवठ्याची पिशवी हातातल्या सामानात ठेव, मोठ्या बॅगेत नको. बूटही हातातच.

सरळ_गुडघा

काकू, तारीख खरंच जवळ आहे. हे कोणाला विचारावं कळत नव्हतं. मनापासून आभार.

आता एकच विचारते. वीस लॅपची आखणी कशी करू?

खारूताई

पहिले पाच ४:५२ने. एक सेकंदही जलद नाही. गोळी सुटली की सगळ्या तुला मागे टाकतील, टाकू दे. सुरुवातीच्या उत्साहात पाय सुटतो तो कळतही नाही.

कोपऱ्यावरून

सहमत. आणि सोळाव्यानंतर वेग वाढवायचा असेल तर पाऊल लांबवू नका, पावलांची गती वाढवा. कोपर खाली आणि अंगालगत. हात वर उडाले की खांदे उचलतात, त्यांच्यामागून सगळं अंग उचलतं.

गणिती

जाऊन-येऊन लूप आहे, म्हणजे वीस लॅपमध्ये जवळजवळ चाळीस वळणं. त्यांचाही विचार करा. प्रत्येक वळणाला एक सेकंद गेला तरी चाळीस सेकंद होतात.

पहाटवारा

सगळा धागा जपून ठेवला आहे. परत आल्यावर वृत्तांत हवाच.

सरळ_गुडघा | १८ मार्च, सकाळी ७:१५

परत आले. आधी निकाल: १:३७:२०. एक लाल कार्ड. सर्वोत्तम वेळेत एक मिनिट वीस सेकंदांची सुधारणा!

आता सगळं सांगते. सकाळी हवा गार होती, लूपच्या वरच्या टोकाकडून वारा. हातमोजे, जॅकेट, पन्नास मीटरच्या चार चाली, सगळं खारूताईंच्या सांगण्याप्रमाणे. पहिल्या लॅपला मी शेवटून चौथी होते. इतकं एकटं वाटलं की पोटात खड्डा पडला. पुढे पाठींची एक भिंत आणि ती लांब लांब जात होती. मी मोठ्याने आकडे मोजत चालले. पाच लॅप ४:५२.

सहाव्या लॅपला वरचं वळण घेतलं आणि डाव्या हाताला पिवळं पॅडल. नागमोडी रेषा. इतक्या जवळून की तिच्या काठावरचा सुटलेला रंगही दिसला. काळजात धस्स झालं, पण पाय थांबले नाहीत. अकराव्या लॅपला पुन्हा पिवळं, दुसऱ्या पंचांचं. तोवर लॅप ४:५१ने येत होते आणि दम अजिबात लागला नव्हता. चौदाव्याला फलकाकडे बघितलं तर माझ्या क्रमांकापुढे एक लाल खूण. कधी दिलं, कोणी दिलं, काही कळलं नाही. कोपऱ्यावरून काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मी बघितलंही नसतं.

त्या क्षणी पुढे तीस मीटरवर तिघींचा गट होता. गाठता आला असता. १:३६ डोक्यात होतंच. पण त्यांची पावलं लांब होती, माझी नाहीत, आणि काकांचं वाक्य आठवलं. तीन लॅप मुद्दाम ४:५६ने घेतले. कोपर खाली, पाऊल लहान, हनुवटी सैल. त्या तीन लॅपमध्ये दोघी माझ्या पुढे गेल्या. सोसलं. सतराव्यापासून पावलांची गती वाढवली, शेवटचे चार पुन्हा ४:५१. त्या दोघींतली एक एकोणिसाव्याला पेनल्टी झोनमध्ये उभी दिसली, गुडघ्यांवर हात टेकून. जाताना मी तिच्याकडे बघितलं, तिनेही बघितलं. शर्यत संपल्यावर आम्ही मिठी मारली.

प्रशिक्षक म्हणाले, "हिवाळ्याची कमाई दिसली, पुढच्या वेळी १:३६." रागावले नाहीत.

खारूताई

वा वा वा! ते ४:५६चे तीन लॅप म्हणजे तुझी शर्यत. दोघी पुढे जाताना सोसणं सोपं नसतं गं. खूप खूप अभिनंदन.

टेबलामागे

अभिनंदन! बाटल्या मिळाल्या का नीट?

सरळ_गुडघा

मिळाल्या दादा, नारिंगी पट्टीच्या. एकही पडली नाही.

नडगीदुखी

जोरदार अभिनंदन. ३० मीटरवरचा गट मी तरी सोडला नसता, आणि बहुधा झोनमध्ये उभा राहिलो असतो. तरीही सांगतो, वेळ मार्चमध्येच निघाली ना!

गणिती

५ × ४:५२, ८ × ४:५१, ३ × ४:५६, ४ × ४:५१. बेरीज बरोबर १:३७:२०. सरासरी ४:५२. ज्या वेगाने सुरुवात केली तोच वेग सरासरीला. फार सुंदर.

कोपऱ्यावरून

मनापासून आनंद झाला. आता एक काम करा. शर्यतीनंतर पंचांच्या नोंदींचा तक्ता लावतात, कोणत्या पंचाने कोणती ताकीद आणि कोणतं कार्ड किती वाजता दिलं त्याचा. तो घेतलात का? मूळ प्रश्नाचं उत्तर त्यात असेल.

सरळ_गुडघा

फोटो काढून आणलाय काका. थांबा, लॅपच्या वेळांशी जुळवून बघते.

सरळ_गुडघा

बघितलं. लाल कार्ड तेराव्या लॅपचं आहे. सहाव्या लॅपला ज्यांनी पिवळं दाखवलं त्यांचंच. आणि अकराव्याचं पिवळं ज्यांनी दाखवलं ते पंच त्यांच्यापुढे थोड्याच अंतरावर उभे होते. म्हणजे दोन्ही ताकिदी आणि लाल, तिन्ही वरच्या वळणातून बाहेर पडल्यावरच्या शंभर मीटरमध्ये! खालच्या वळणाला एकही नाही. उरलेल्या सगळ्या लूपवर एकही नाही.

वरच्या टोकाला समोरून वारा असायचा. वळलं की वारा पाठीवर. मी तिथे गेलेला सेकंद भरून काढायला दर वेळी झेप घेत होते बहुतेक. गेल्या हंगामातली दोन्ही कार्डंही वळणानंतरचीच होती, हे आत्ता लिहिताना आठवलं. इतके दिवस मी ती थकव्याच्या नावावर लावत होते.

कोपऱ्यावरून

सापडलं बघा. वेळ की कार्डं, असा तुमचा प्रश्न होता. कार्डं वेगाची नाहीत, वळणाची आहेत. ४:५१ तुम्हाला सरळ रस्त्यावर स्वच्छ जमतंय.

वीस मीटर अंतरावर दोन कोन ठेवा. आठाच्या आकड्यात फिरा, म्हणजे डावं-उजवं दोन्ही वळण होईल. वळणात पावलं निम्मी करा, कंबर मोकळी सोडा, आणि बाहेर पडल्यावरची पहिली दहा पावलं आहे त्याच लांबीची ठेवा. अकराव्या पावलापासून वेग. वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. कोणीतरी बाजूने गुडघ्याच्या उंचीवरून मोबाइलवर चित्रण करू द्या.

दुसरी_इनिंग

आणि पाठीवर वारा असेल अशाच दिवशी कर. तेच तर कारण आहे ना.

आळशी_मांजर

मी चित्रण करायला येऊ का? आता माझी नजर तयार व्हायला लागली आहे. काल रस्त्यावर एक आजोबा भरभर चालले होते, मी त्यांचे गुडघेच बघत उभी राहिले.

सरळ_गुडघा

ये गं, नक्की ये. निरोपात पत्ता पाठवते. कोन काढून ठेवलेत. आधी दोन दिवस विश्रांती, मग परवा पहाटे साडेपाचला आठाच्या आकड्यातले पहिले फेरे. वारा असला तर उत्तमच.